माशी कुठे शिंकते ते आधी ओळखा: साउंडवेव्ह घेताना, उघडताना आणि सोलापूरच्या उन्हात सांभाळताना

साउंडवेव्ह म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांपैकी एक. त्याची मूळ ओळख लिहिणाऱ्यांनी त्याच्याबद्दल एक वाक्य ठेवलं होतं: माशी शिंकली तरी याला ऐकू येतं, असं म्हणतात. आपल्याकडे माशी शिंकली म्हणजे ऐन कामात घोटाळा झाला. या खेळण्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. चाळीस वर्षांपूर्वीचा साउंडवेव्ह असो की कालपरवाचा, बिघडण्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. छातीचं झाकण, चकचकीत मुलाम्याचे भाग, स्टिकर आणि सैल पडणारे सांधे. हात लावायच्या आधी या चार जागा माहीत असल्या, तर खेळणं तुमच्या हातून मोडत नाही.

आधी थोडी ओळख. साउंडवेव्ह हा डिसेप्टिकॉन, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधल्या खलांच्या टोळीतला, टोळीचा म्होरक्या मेगाट्रॉन याचा हेर आणि संदेशवाहक. तो मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून मनातलं वाचतो आणि ऐकलेलं सगळं लक्षात ठेवतो. मूळ ओळखपत्रात तर तो त्या माहितीवर स्वतःच्याच साथीदारांना धाकात ठेवतो असं लिहिलं आहे. कार्टूनमध्ये त्याची मेगाट्रॉनवरची निष्ठा जास्त दिसते. त्याचा सपाट, यंत्रातून आल्यासारखा आवाज फ्रँक वेल्कर यांचा, व्होकोडर, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण, लावून काढलेला. मेगाट्रॉनचा आवाजही त्यांचाच.

खेळणं मात्र कार्टूनच्या आधीचं आहे. जपानच्या टाकारा कंपनीच्या मायक्रो चेंज मालिकेत तो कॅसेट मॅन या नावानं निघाला. टेपरेकॉर्डरची घडी उलगडली की रोबो. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ते साचे घेऊन 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले आणि कॅसेट मॅन साउंडवेव्ह झाला. छातीतल्या कॅसेटीही उलगडून प्राणी किंवा छोटे रोबो होतात.

कोणता घ्यायचा

टेपरेकॉर्डर होणारा साउंडवेव्ह हवा असेल तर ते नीट बघून घ्या, कारण सगळेच तसे नाहीत. 2009 च्या चित्रपटातला साउंडवेव्ह उपग्रह होतो, 2011 च्या चित्रपटातला गाडी. 2019 च्या सीज या खेळण्यांच्या मालिकेतला साउंडवेव्ह ट्रान्सफॉर्मर्सच्या ग्रहावरच्या रूपातला आहे, तो टेप होत नाही. नुसतं नाव वाचून पैसे भरले तर टेप मिळायची खात्री नाही.

टेप होणाऱ्यांत संग्राहक दोघांच्या मागे जास्त असतात. एक 1984 चा मूळ तुकडा किंवा त्याच साच्यातून नंतर पुन्हा काढलेला. दुसरा 2012 चा मास्टरपीस मालिकेतला एमपी-13. हा कार्टूनमधल्या चेहरेपट्टीला जवळचा आहे, सांध्यांना जास्त हालचाल आहे आणि छातीत तीन कॅसेटी मावतात. हाताळून बघायचा, रोज उभा करायचा असेल तर एमपी-13 घ्या. मूळ तुकडा काचेआड ठेवण्यासाठीच घ्यावा. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक रोजच्या घडीमोडीला राहिलेलं नसतं. 2007 मध्ये टाकारा टोमीनं खरंच गाणी वाजवणारा साउंडवेव्हही काढला होता. तो घ्यायचा तर आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं वय लक्षात घेऊन घ्या.

सोलापुरात जुना तुकडा दुकानात समोर ठेवून निवडता येईल अशी अपेक्षा धरू नका. खरेदी बहुधा ऑनलाइन होते. परदेशी खेळणी महाग का, याचं मोठं कारण कर आहे. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्क्यांवर गेलं. परदेशातून थेट मागवणार असाल तर आजचा कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च आधी विचारा, मगच भाव पक्का करा. इथल्या दुकानातलं चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं असेल तर 1 जानेवारी 2021 पासून त्यावर आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, तिथे मुलासाठी रोबो घेताना हे चिन्ह बघायला विसरू नका.

पार्सल आल्यावर

एप्रिल-मे महिन्यात पार्सल दुपारभर गाडीत तापलेलं असतं. खोकं सावलीत, पंख्याखाली दोन-तीन तास राहू द्या. गरम असताना स्टिकरचा गोंद मऊ असतो आणि पिशवीतून ओढताना स्टिकर सरकतो. उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, खोक्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या सुट्या भागापर्यंत. तक्रार करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

काम करायला जमिनीवर किंवा टेबलावर जुनी, बऱ्याच वेळा धुतलेली सोलापुरी चादर दुहेरी घालून घ्या. स्क्रू आणि स्प्रिंग फरशीवर पडले की उडून कपाटाखाली जातात, चादरीवर जागच्या जागी थांबतात. टॉवेल नको. त्याच्या फासांत बारीक खिळी अडकते. नवी चादरही नको, तिचा रुवा झडतो. हात साबणानं धुऊन पुसून घ्या. शेंगाचटणीचं तेल बोटांना लागलेलं कळत नाही, पण स्टिकरवर लगेच डाग दाखवतं.

आता तपासणी. सगळ्यात आधी छाप बघा. अंगावर कुठेतरी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. टाकारा आणि टोमी या कंपन्या 2006 मध्ये एकत्र आल्या. म्हणजे तुकड्यावर टोमी हे नाव असेल तर तो 1984 चा असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो. नंतरचा अधिकृत तुकडा वाईट नसतो, पण त्याला जुन्याचा भाव देऊ नका. छापच नसेल, किंवा अक्षरं खरवडल्यासारखी, वितळल्यासारखी दिसत असतील तर तो बहुधा नकली. संग्राहक त्याला केओ म्हणतात. केओमध्ये पिन सैल असतात, झाकण वाकडं बसतं, प्लॅस्टिकला उग्र वास येतो.

कॅसेटचं माप घ्या. मूळ साउंडवेव्हच्या कॅसेटी मायक्रोकॅसेटच्या धर्तीच्या आहेत. खरी मायक्रोकॅसेट साधारण 50 बाय 33 मिलिमीटर असते, आपल्या घरातली गाण्यांची कॅसेट 100 बाय 64 च्या आसपास. घरच्या कॅसेटएवढा तुकडा कोणी मूळ साउंडवेव्हसोबत देत असेल तर तो त्याचा नाही.

नावांतही गोंधळ होतो. मूळ साउंडवेव्हसोबत बझसॉ हा पिवळ्या-सोनेरी रंगाचा पक्षी येत असे. कार्टूनमध्ये सतत दिसणारा तांबडा लेझरबीक त्याच साच्यातला, पण तो फ्रेन्झीच्या जोडीनं वेगळा विकला जाई. रंबल आणि रॅव्हेज ही दुसरी जोडी. यातही खेळण्यात रंबल तांबडा-काळा आणि फ्रेन्झी निळा आहे, कार्टूनमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे जाहिरातीत नाव आणि फोटो जुळत नसतील तर लगेच फसवणूक समजू नका. रंग विचारा आणि फोटोवर विश्वास ठेवा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सेलच्या कप्प्यात. मूळ साउंडवेव्हमध्ये विजेवर चालणारं काहीही नाही. टेपच्या मागच्या बाजूला सेलचा कप्पा आहे आणि त्यात बसणारे दोन सेल म्हणजे त्याचीच घडी घातलेली शस्त्रं, हातातली बंदूक आणि खांद्यावरचा क्षेपणास्त्र सोडणारा भाग. विकणारा सहज म्हणतो, फक्त सेल नाहीत, बाकी पूर्ण आहे. म्हणजे दोन्ही शस्त्रं गेली, आणि तीच सुटी मिळायला सगळ्यात अवघड. त्या कप्प्यात खरे पेन्सिल सेल कोंबायचा प्रयत्न तर कधीच करू नका, कडा फाकतात. कॅसेटींसोबतही प्रत्येकी दोन मुलाम्याची शस्त्रं असतात. बझसॉसोबत ती दोन्ही आहेत का मोजा.

1985 पासून ट्रान्सफॉर्मर्सवर बोटानं घासलं की चिन्ह उमटणारा एक छोटा चौकोनी स्टिकर येऊ लागला. बोटाच्या उबेनं रंग बदलतो, खरेपणाची ती खूण होती. 1984 च्या पहिल्या तुकड्यांवर हा स्टिकर नाही, म्हणून तो नसणं म्हणजे नकली असं नव्हे. असेल तर त्याची परीक्षा पहाटे घ्या. मे महिन्यात दुपारी खोलीच बोटापेक्षा गरम असते, मग बोटाची ऊब कळणार कशी? जोर लावून घासत बसलं की वरचा पापुद्रा निघतो.

छातीचं झाकण

साउंडवेव्हचा जीव इथे आहे आणि मोडतोही इथेच. पारदर्शक झाकण, त्याला खालच्या कडेला दोन बारीक कान, आत स्प्रिंग. खटका दाबला की झाकण उघडतं. झाकण नेहमी खटक्यानंच उघडा. नख घालून वरची कड ओढली की सगळा जोर त्या कानांवर येतो, आणि पारदर्शक प्लॅस्टिक रंगीत प्लॅस्टिकपेक्षा ठिसूळ असतं. ते वाकत नाही, टचकन तुटतं. बंद करताना झाकणाच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. एका कोपऱ्यावर दाबलं तर एकच कान आत बसतो आणि दुसरा पिळवटतो.

खटका दाबूनही झाकण उघडत नसेल तर जोर वाढवू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आत कॅसेट तिरपी बसलेली असते. खेळणं पालथं करून तळहातावर हलकेच आपटा, मग पुन्हा खटका दाबा. तरीही नाही, तर फटीत रुवा आणि धूळ साचली असेल. मऊ कुंचला आणि कॅमेऱ्याची रबरी फुंकणी वापरा. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात आणि दाबानं सुटा भाग उडून जातो.

झाकण उघडतं पण ढिलं लोंबतं, तेव्हा स्प्रिंग सुटलेली किंवा थकलेली असते. त्यासाठी अंग उघडावं लागतं. ते पुढे सांगितलं आहे.

कान तुटलाच तर सुपर ग्लू झाकणाजवळ आणू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी, धुरकट होऊन बसते आणि पूर्ववत होत नाही. दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी टाचणीच्या टोकानं लावा, तुकडा कागदी चिकटपट्टीनं धरून चोवीस तास हलवू नका. खरं सांगायचं तर जोडलेला कान वजन पेलत नाही. ते झाकण त्यानंतर बंदच ठेवायचं, आणि रोज उघडायचं असेल तर बदली झाकण शोधायचं.

ओरखडे मात्र जातात. गाडीच्या हेडलाइटचं पॉलिश वाटाण्याएवढं मऊ सुती कापडावर घ्या, गोल नव्हे तर एकाच दिशेत हलक्या हातानं दोन-तीन मिनिटं घासा, पुसा, उजेडात बघा. झाकणावर छापलेलं किंवा रंगवलेलं काही असेल तर ती बाजू सोडा. स्पिरिट किंवा थिनर या झाकणाला लावला तर केसासारख्या असंख्य तडा जातात. त्यावर उपाय नाही.

टेपचा रोबो, रोबोचा टेप

प्रत्येक साच्याचा क्रम वेगळा आहे, त्यामुळे पत्रक शोधून समोर ठेवा. पत्रक नसेल तर प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढत जा, परतीच्या वाटेला तेच पत्रक होतं. पण क्रम कोणताही असला तरी काही गोष्टी बदलत नाहीत. सुरुवातीला कॅसेट आणि सगळी शस्त्रं काढून बाजूला ठेवा, झाकण बंद करा. मग दोन्ही बाजू बरोबरीनं हलवा. उजवा हात पूर्ण उघडून मग डाव्याकडे जाऊ नका, कारण एका बाजूचा ताण मधल्या पिनवर येतो.

भाग हलत नसेल तर थांबून विचार करा, हा फिरतो की सरकतो की बाहेर ओढायचा आहे? फिरणारा सांधा ओढला किंवा सरकणारा फिरवला की तुटतो, आणि या खेळण्यात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. टक-टक आवाज करणारा सांधा दात्यांचा असतो. त्याला जोर लागतो, तो स्वाभाविक आहे. गुळगुळीत फिरणाऱ्या सांध्याला जोर लागला तर काहीतरी अडकलं आहे. प्लॅस्टिकवर पांढुरकी रेघ दिसू लागली की ताबडतोब हात काढा. ती तुटण्याच्या आधीची सूचना आहे.

टेप पूर्ण झाला पण एका बाजूला एक-दोन मिलिमीटरची फट राहिली, तर दाबून बसवू नका. ठोकळ्यासारखं रूप घेणाऱ्या रोबोत फट राहते ती आतल्या भागामुळे. डोकं पूर्ण खाली गेलेलं नसतं, मूठ आत वळलेली नसते किंवा पाऊल शेवटच्या टकपर्यंत मिटलेलं नसतं. दोन टप्पे मागे जा, या तीन गोष्टी बघा. फट आपोआप मिटते.

हल्लीच्या साउंडवेव्हची शस्त्रं 5 मिलिमीटरच्या दांड्यानं बसतात. दांडा घट्ट असेल तर भोक मोठं करू नका, दांड्यावर बारीक पॉलिश पेपरचे दोन हलके हात फिरवा. भोक ज्या अंगात असतं ते अंग महत्त्वाचं, दांडा बदलता येतो.

सैल सांधे, घट्ट सांधे, स्क्रू

सैल सांध्यासाठी लोक घरातला फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावतात. थंड गावात तो चालतो. सोलापुरात नाही. पांढऱ्या गोंदाचा थर तिशी-चाळिशीच्या तापमानात मऊ पडतो. इथे मार्च उजाडला की पारा तिथे पोचतो, मे महिन्यात 42-43 च्या पुढे जातो, सांधा चिकट होतो आणि त्यात रुवा बसतो. नेलपॉलिशही नको, त्यातला द्रव प्लॅस्टिक मऊ करतो.

दांड्याच्या सांध्याला हार्डवेअरच्या दुकानातली नळाची टेफ्लॉन टेप उत्तम. दांडा बाहेर काढून एक-दीड वेढा ताणून गुंडाळा, जास्तीची कापा, बसवा. आवडलं नाही तर काढून टाका, काही बिघडत नाही. गोळ्याच्या सांध्याला पातळ सुपर ग्लूचा एक पापुद्रा चालतो, पण गोळा बाहेर काढलेला असताना, टाचणीनं पसरवून, आणि चोवीस तास पूर्ण वाळल्यावरच आत बसवायचा. ओला असताना बसवला तर तो सांधा कायमचा जाम झाला. पारदर्शक भाग आणि स्टिकर जवळ असतील तर हा उपाय करू नका.

घट्ट सांध्याला सिलिकॉन ग्रीस लावा. पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्यांकडे ते असतं, रबरी रिंगांना तेच लावतात. मोहरीच्या दाण्याएवढं पुरे. लूमचं तेल, शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल लावायचा मोह होतो, कारण आपल्या गावात ते घराघरात आहे. लावू नका. खनिज तेलानं ताण असलेल्या प्लॅस्टिकला हळूहळू तडे जातात, खोबरेल खवट होऊन चिकटतं, आणि लूमच्या वस्तीत हवेतला सगळा रुवा त्या तेलावर येऊन बसतो.

अंग उघडायचं असेल तर मोबाइल दुरुस्तीचा स्क्रूड्रायव्हर संच घ्या. नवी पेठेत मोबाइलच्या दुकानांत विचारा. टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसलं पाहिजे, हलत असेल तर एक माप बदला. सैल टोकानं खाच गोल होते आणि मग स्क्रू निघतच नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर खेळण्याचं ढोबळ चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीनं चिकटवत जा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पलीकडून बाहेर येतो. झाकणाची स्प्रिंग उडू नये म्हणून दोन अर्धे वेगळे करताना सगळं मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा, आणि स्प्रिंगचं कोणतं टोक कुठे टेकलं आहे याचा फोटो घेतल्याशिवाय तिला हलवू नका.

परत जोडताना एक सवय लावा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत पडला की बारीक टक जाणवते. मग सुलटा आवळा, बसला की थांबा. थेट सुलटा फिरवला तर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे कापले जातात आणि दोन-तीन वेळांत भोक निकामी होतं. आटे गेलेच असतील तर भोकाच्या भिंतीला टाचणीनं सुपर ग्लूचा एक थेंब फिरवा, एक दिवस वाळू द्या आणि मग स्क्रू हळूहळू बसवा.

स्क्रूऐवजी धातूची पिन असेल तर तिचं एक टोक खरबरीत असतं. पिन गुळगुळीत टोकाकडून ढकलायची, म्हणजे खरबरीत टोक आधी बाहेर येतं. उलटं केलं तर खरबरीत भाग सगळ्या भोकातून घासत जातो आणि सांधा कायमचा सैल. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे बारीक पिना काढायची हत्यारं आणि त्याहून मोलाचा सरावाचा हात असतो. मूळ तुकडा असेल तर हे काम त्यांच्यासमोर बसून करून घ्या.

धुणं-पुसणं

रोजची धूळ कोरड्या, मऊ मेकअपच्या कुंचल्यानं. वर्षातून एकदा धुवायचं तर लिटरभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब आणि लहान मुलांचा टूथब्रश. स्टिकर, मुलामा, स्प्रिंग आणि स्क्रू असलेला भाग बुडवायचा नाही, तिथे फक्त पिळलेलं कापड. शेवटचं पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार निळ्या प्लॅस्टिकवर पांढरे ठिपके सोडतात. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी वापरा. सावलीत पंख्याखाली दिवसभर वाळवा.

मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की स्पिरिटचा एक बोळा तो उतरवतो. तिथे कोरडा कुंचला, बस्स. उडालेला मुलामा चंदेरी मार्करनं रंगवू नका, किंमतही जाते आणि रूपही.

पांढरे-करडे भाग पिवळे पडले असतील तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, उन्हात, ते उजळतात. हातमोजे आणि चष्मा घालून, भाग पूर्ण बुडेल अशा पारदर्शक डब्यात, दर अर्ध्या तासानं उलटत. आपल्याकडे सकाळी आठ ते अकराचं ऊन पुरतं. दुपारच्या उन्हात द्रव तापतो आणि प्लॅस्टिकवर चट्टे पडतात. निळे भाग, पारदर्शक झाकण, स्टिकर, मुलामा यांना हा उपाय नाही. आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो, हे धरूनच करा.

स्टिकरची कड उचलली असेल तर आधी त्याखालची धूळ कुंचल्यानं काढा, टूथपिकच्या टोकानं पारदर्शक, आम्लरहित गोंदाचा ठिपका लावा, बटरपेपर ठेवून त्यावर एक पुस्तक रात्रभर. फार वाळून कुरळा झालेला स्टिकर दाबला की मोडतो. त्याला केस वाळवायच्या यंत्राची अगदी मंद हवा वीतभर अंतरावरून द्या, मऊ झाला की मग बसवा.

कुठे ठेवायचा

पत्र्याखालचा माळा, पश्चिमेच्या खिडकीजवळचं शोकेस आणि गाडीचा डॅशबोर्ड या तीन जागा सोडा. सांध्याचं मुख्य प्लॅस्टिक उन्हाळ्यात वितळत नाही, पण स्टिकरचा गोंद सुटतो, मऊ पीव्हीसीच्या वस्तू वाकतात आणि थेट उन्हानं निळा रंग फिका पडतो. आतल्या खोलीतल्या भिंतीतलं काचेचं कपाट सगळ्यात चांगलं. दाराच्या कडेला फोमची पट्टी लावली की रुवा आणि धूळ आत येत नाही. दिवा एलईडीचा, आणि तोही कपाटाबाहेर.

एप्रिल लागला की शस्त्रं भोकांतून काढून वेगळी ठेवा. घट्ट बसलेला दांडा महिनोन्‌महिने गरमीत राहिला तर भोकाच्या कडेला तडा जातो. मऊ रबरासारख्या वस्तू रोबोच्या अंगाला टेकू देऊ नका, त्यांतलं तेल झिरपून डाग पडतो. खोक्यात ठेवणार असाल तर आधी बटरपेपर, मग बबल रॅप. बबल रॅप थेट लावला तर उन्हाळ्यानंतर अंगावर गोल गोल ठसे उमटलेले दिसतात. पिशवी पॉलिथिनची घ्या, पीव्हीसीची नको. सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या जुलै ते ऑक्टोबर पुरे, उन्हाळ्यात आपली हवा आधीच कोरडी असते.

वाजणाऱ्या किंवा उजेड देणाऱ्या साउंडवेव्हमध्ये सेल असतील तर काढून ठेवा. सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पुसा, मग शुद्ध पाण्याच्या काडीनं, मग पूर्ण वाळू द्या.

उभं करताना छातीचं झाकण बंद आणि क्षेपणास्त्राची स्प्रिंग मोकळी हवी. दोन महिन्यांतून एकदा, सकाळच्या गारव्यात, खटका दाबून झाकण उघडा, आतली कॅसेट काढून पुसा, परत सरळ बसवा आणि मधोमध अंगठा ठेवून बंद करा. झाकण न अडखळता उघडलं आणि मिटताना एकच टक ऐकू आली, तर पुढच्या दोन महिन्यांसाठी काम झालं.